आकाशावर फुली नव्हती

किनुएने रेघ पुरी केली, पेन उचललं आणि वाकून काचेवर हळूच फुंकर घातली.

"वहिनी, काय वाळवतेयस? काच?" मिसाओने विचारलं.

किनुए ओशाळली. पण सवय कुठली जातेय! पुढची रेघ चुकली, ती तिने पुसली, आणि शेजारचा पिसांचा कुंचा उचलून काचेवर न पडलेला खोडरबराचा भुगा झाडून टाकला. तेव्हा मात्र मिसाओने अर्धं सोललेलं संत्रं खाली ठेवलं आणि ती पोट धरून हसली.

"हस बाई, हस. माझ्या वयाला शिकायला बस म्हणजे कळेल."

"माझं वय काय विशीचं आहे? तुझ्याहून चार पावसाळे कमी, एवढंच. आणि मी दोन वर्षं काढतेय की ह्याच्यावर माझं मांजर."

मिसाओ ही किनुएची नणंद. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिने हा टॅब्लेट घेतला होता आणि त्याच्यावर ती आपल्या लठ्ठ मांजराच्या चित्रकथा काढायची. चित्रं यथातथाच असायची, मांजर कधी कधी उशीसारखं दिसायचं, पण लोक ती आवडीने बघत. गेले काही आठवडे ती सकाळची फेरीबोट धरून सामुद्रधुनीपलीकडच्या शिमोनोसेकीहून मोजीला यायची आणि वहिनीला शिकवत बसायची. शिकवणं कमी, बोलणं जास्त. किनुएला तेही हवंच होतं. घर फार गप्प झालं होतं.

किनुएचा नवरा तामोत्सु हिवाळ्यात गेला. 'ओफुजी नावाडीण' ही चित्रकथा वाचणाऱ्यांना त्याचं एकट्याचं नाव ठाऊक होतं, पण ओफुजीला घडवणारे हात चार होते. शिसपेन त्याची, शाई हिची. तो पानावर शिसाने चित्र काढायचा आणि जिथे काळं भरायचं तिथे बारीकशी फुली मारायचा. केसांत एक, सावलीत एक, किमोनोच्या पट्ट्यात एक. किनुए शाईने रेघा गिरवायची, फुलीच्या जागी कुंचल्याने काळं भरायची, आणि शाई वाळली की खालचं शिसं खोडून टाकायची. खोडायचंच असतं ते. पान छापायला स्वच्छ जावं लागतं. उभ्या जन्मात तिने त्याच्या हाताच्या किती रेघा खोडल्या असतील! त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

तो गेल्यावर शेवटच्या प्रकरणाची पानं तेवढी उरली, नुसत्या शिसाची. दिवसकार्य आटोपल्यावर ती दौत उघडून बसली, टाक बुडवला, पान पुढ्यात ओढलं. मग तिची नजर खोडरबराकडे गेली. तिने टाक पुसून ठेवला आणि दौतीला झाकण लावलं. नाही होणार माझ्याच्याने, असं ती देव्हाऱ्यातल्या फोटोला मोठ्याने म्हणाली.

त्यावर मिसाओने हा तोडगा काढला. तिने पानांचे फोटो टॅब्लेटवर चढवले आणि ती म्हणाली, "हे बघ, खालचा थर दादाचा. वरचा तुझा. वर तू धिंगाणा घातलास तरी खाली ओरखडा उठायचा नाही. पडद्यावरचा हा डोळा दाबला की दादा दिसेनासा, पुन्हा दाबला की दादा हजर."

किनुएने तो डोळा दाबला. रेघा गेल्या. पुन्हा दाबला. रेघा आल्या. ती कितीतरी वेळ तेच करत बसली आणि मिसाओनेही तिला बसू दिलं.

हात लवकर वळला. अडचण आली ती काळं भरताना. कुंचल्याने इंच इंच भरायला नको, पडद्यावर बादलीचं चित्र आहे, ते निवडून नुसतं टेकवायचं की जागा काळी, असं मिसाओने सांगितलं. किनुएने ओफुजीच्या बाहीवर पेन टेकवलं. बाही काळी झाली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बोट, नदी, किनारा, सगळं पान काळं ठिक्कर!

"अगं आई गं!" किनुए किंचाळलीच.

"काही झालं नाही. दोन बोटं टेकव. हां, आलं परत. दादाची रेघ उघडी आहे बघ इथे, खांद्यापाशी. कुठेतरी फट असली की ह्यातलं काळं वाहून जातं. आधी फट बुजव, मग भर."

तामोत्सुची रेघ कधीच मिटलेली नसायची. मान जिथे खांद्याला मिळते, बाही जिथे मनगटाला, तिथे तो केसाएवढी जागा सोडायचा. लग्नानंतर नवलाईने किनुएने विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, बाई आहे ती, बाटली नाही, तिला वारा लागायला नको का? कुंचला हातात असताना ती फट कधी आड आली नव्हती. तिथवर आलं की हात आपोआप थांबायचा.

"मी नाही बुजवणार," किनुए म्हणाली.

"मग बस इंच इंच भरत. हौस आहे तर!" मिसाओने संत्र्याची फोड तिच्या तोंडात कोंबली. "दादाला दवाखान्यात हे दाखवलं होतं मी. माझ्या मांजराच्या शेपटीतून काळं सांडलं आणि सगळी खोली काळी झाली. इतका हसला, इतका हसला, की नर्स धावत आली. पुन्हा कर म्हणे, पुन्हा कर. लहान मुलासारखं."

"मला नाही बोलले ते."

"तू डबा गरम करायला गेली होतीस. मी म्हटलं, वहिनी ह्या असल्या गोष्टीला बोटसुद्धा लावायची नाही. तर म्हणाला, लावेल. एवढंच, आणि झोपला."

किनुएने कुंचल्याचं चित्र निवडलं आणि बाही हाताने भरायला घेतली.

अशी एकेक करून पानं झाली आणि शेवटचं पान उरलं. ते त्याने दवाखान्यात काढलं होतं, गुडघ्यावर पाट ठेवून. पानभर एकच चित्र. ज्यांचा निरोप घ्यायचा राहून गेला अशा माणसांना बारा वर्षं रात्री-अपरात्री पैलतीरी सोडणारी ओफुजी आता रिकाम्या बोटीत उभी आहे. तोंड समोर. सदा घट्ट बांधलेले केस आज मोकळे सोडलेत. मागे मोठंच्या मोठं आकाश. केसांत एक फुली होती. आकाशावर नव्हती.

आता फुली नाही म्हणजे पांढरं, हा घरचा नियम. पांढरं आकाश म्हणजे सकाळ झाली. पण तामोत्सु म्हणजे विसरभोळा गडी. छत्र्या विसरायचा, बोटीत टोपी विसरायचा, एकदा तर देवळाच्या पायऱ्यांवर मिसाओलाच विसरून आला होता. आकाशावर फुली मारायची तर हमखास राहायची. मग किनुए शाईतून मान न उचलता विचारायची, "आकाश?" आणि रात्र हवी असली की पलीकडून तोही मान न उचलता म्हणायचा, "हूं." दिवस असला तर काहीच बोलायचा नाही. आता विचारलं तरी कुणी बोलणार नव्हतं, आणि त्याचा अर्थ दिवस असाच लावायचा का, हे तिला कळत नव्हतं. तेवढ्यापायी तिची झोप उडाली होती. चुकीचं आकाश त्याच्या नावावर छापलं गेलं असतं, आणि ते सुधारायला तो काही परत येणार नव्हता.

संपादक ओनुकींचा फोन आला. माणूस भला होता, पण त्यालाही पान हवं होतं.

"मॅडम, सकाळच ना? वाचक बारा वर्षं रात्रच बघतायत हो. त्या बाईला एक सकाळ तरी द्या."

"बघते," किनुए म्हणाली.

"त्यात बघायचंय काय?" फोन ठेवल्यावर मिसाओ कडाडली. "फुली नाही ना? मग सकाळ. सुटली बिचारी, घरी गेली, झोपली. दादा तिचं वाईट करणार होता का?"

"आणि विसरले असतील तर?"

मिसाओ चष्मा पुसू लागली. भावाला ती चांगली ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी सामुद्रधुनीवर धुकं उतरलं. खिडकीबाहेर पूल नव्हता, पाणी नव्हतं, समोरचं शिमोनोसेकी तर जगात कधी नव्हतंच. मधूनच एखादं न दिसणारं जहाज भोंगा द्यायचं आणि काचा हलकेच थरथरायच्या. फेरी उशिराने सुटली, तरी मिसाओ आलीच. ओले बूट काढून ती सरळ चहाच्या मागे लागली. किनुए पान घेऊन बसली होती. तिने ओफुजीचा गाल गिरवला, हनुवटी गिरवली, आणि तिचा हात थबकला.

रेघ मिटलेली होती.

तिने पान मोठं करून पाहिलं. चेहऱ्याची रेघ पार केसांपर्यंत नेऊन टेकवलेली. वल्ह्यावरची बोटं एकेक करून बंद केलेली. बाही मनगटाला मिळवलेली, बोटीची कड, पाण्याची रेघ, सगळं घट्ट. थरथरत्या हाताने दोनदा दोनदा ओढून मिटवलेलं. आजवर त्याने एकही रेघ अशी काढली नव्हती. शेवटी शेवटी ह्यांनी दारं लावून घेतली, मला न सांगता, असं तिला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

"मिसाओ, ह्यांना भीती वाटत होती का गं?"

मिसाओ चहाचे पेले घेऊन आली, तिने पानाकडे पाहिलं. "आजारी होता वहिनी. हातात जोर नव्हता, दाबून दाबून काढलं असेल. नको तो विचार करू."

किनुए गिरवत राहिली. बाहेर धुकं आणि पुढ्यात पांढरं पान, मधे कुठे कड अशी राहिली नाही. आपण बोटीत आहोत की खोलीत, असं तिला क्षणभर झालं. शेवटी केस आले. मोकळे, लांब, मानेमागून वाऱ्यावर गेलेले. ती त्याच्या रेघेमागून गेली, बटेमागून बट, आणि रेघ संपली तिथे तिने पेन उचललं. उरली फुली. इथे सगळं मिटलेलंच आहे, मग हाताने कशाला भरायचं, असं म्हणून तिने पहिल्यांदाच आपण होऊन बादली घेतली. फुलीवर पेन टेकवलं.

केस काळे झाले. आणि काळं थांबलं नाही. मानेमागे, शेवटच्या बटेच्या टोकाला, केसाएवढी एकच फट होती. ती तिनेच आत्ता इमानेइतबारे गिरवली होती. तिथून काळं बाहेर पडलं आणि आकाशभर गेलं.

"सांडलं बघ," मिसाओ म्हणाली. "घे मागे. टेकव दोन बोटं."

किनुएने दोन बोटं उचलली. ती तशीच काचेवर अधांतरी राहिली.

एवढं काळं सांडूनही काही बुडालं नव्हतं. चेहरा पांढरा होता. हात पांढरे होते. बोट होती, पाणी होतं. ज्याला ज्याला कड घालून जपायचं त्याला जपलेलं होतं, आणि केस कुठे संपतात नि रात्र कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मघाशी पांढऱ्या आकाशापुढे ओफुजीचा चेहरा नुसता चेहरा होता. आता त्याच्यावर समोरून उजेड पडल्यासारखा दिसत होता.

किनुएला दवाखान्यातलं ते हसणं आठवलं, जे तिने ऐकलं नव्हतं, आणि तो 'लावेल'. पुन्हा कर म्हणे, पुन्हा कर.

तिने डोळा दाबला. काळं गेलं, खाली त्याचं शिसं होतं, जसंच्या तसं, आणि केसांत ती एकुलती एक फुली. पुन्हा दाबला. रात्र आली.

"वहिनी, अगं मागे घे ना. सकाळ करायचीय ना आपल्याला?"

"सकाळ ती बघतेय ना समोर," किनुए म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण डोळ्यांत हसू होतं. "लबाड कुठले! एवढं आजारपण, आणि माझी चेष्टा सुचली."

मिसाओला काही कळलं नाही. ती पेला खाली ठेवून शेजारी गुडघ्यांवर बसली, चष्मा कपाळावर सारला आणि काचेला नाक लावून बघू लागली. चेहऱ्याची रेघ बघितली, बोटं बघितली, मानेमागची फट बघितली. बोलायची थांबली. मिसाओ बोलायची थांबली म्हणजे नवलच.

बाहेर भोंगा झाला. किनुएने पिसांचा कुंचा उचलला आणि काचेवरून हळूहळू फिरवला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. या वेळी कुणी हसलं नाही.

मग मान न उचलता, कुणाला असं नाही, तिने विचारलं, "आकाश?"

मिसाओ अजून पानावरच वाकलेली होती. तिनेही मान उचलली नाही.

"हूं," ती म्हणाली. अगदी भावासारखी.