रेंजची टोपली

मी टोपली बोलतेय. मनोरी गावाच्या टोकाला, खाडीकडच्या शेवटच्या घरात, खिडकीजवळच्या वाशाला टांगलेली. माझ्या पोटात मासळी नाही, मोबाइल असतो. हसू नका. या घरात रेंज येते ती फक्त या खिडकीशी, तीही डोक्याच्या वर. फोन खाली ठेवला की मेला.

मला मालाडच्या एका बुरुडाने विणलं. अंजनाबाईने मला उलटी केली, बुडावर बुक्की मारून पाहिली, किमतीवरून त्याचं डोकं खाल्लं आणि घेतलं. मग रोज मार्व्याची फेरीबोट पकडून आम्ही बाजारात. बोंबील, मांदेली, कधी पापलेट. तिच्या डोक्यावर बसून मी गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकली, तिच्या शिव्याही ऐकल्या. मासळीच्या पाण्याने माझ्या कामट्या काळ्या पडल्या, पण मान होता हो मला.

पुढे प्लास्टिकचे टब आले आणि मी पडवीत कोंबड्यांकडे गेले. तिथून मला उचललं ते हरेश्वरने, अंजनाबाईच्या नवऱ्याने. फोन हातात धरून, स्टूल सरकवत तो घरभर रेंज शोधत होता. या खिडकीशी सापडली. "गो अंजना, खिळा दे," म्हणाला आणि मला टांगून टाकलं.

त्याची रीत ठरलेली होती. होडी घेऊन खोल समुद्रात गेला की त्याचा फोन लागायचा नाही. परत येताना रेंज धरली की तो एक रिंग द्यायचा आणि कापायचा. इकडे उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे आलो, भात टाक. स्क्रीनवर त्याचा फोटो यायचा, मिशीवर हात ठेवलेला. मी थरथरायचे आणि अंजनाबाई गॅस पेटवायची.

मग दिवाळीच्या आधी वादळ आलं. होडी फुटली. सोबतच्या दोघांना दुसऱ्या बोटीने वाचवलं, जाळंही सापडलं. हरेश्वर काही सापडला नाही.

लोक म्हणाले, दिवस घाल. अंजनाबाई म्हणाली, "आधी रिंग येऊ दे." त्याचा नंबर बंद पडू नये म्हणून बोरिवलीला राहणारा मुलगा, कृणाल, त्यात रिचार्ज मारतो असं ती समजून होती. त्याने कधीच थांबवलं होतं. बुडालेल्या फोनला रिचार्ज कशाला, त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

रोज दिवेलागणीला ती स्टुलावर चढायची, नंबर लावायची, बंद आहे ऐकायची आणि फोन माझ्यात ठेवायची. मग बाहेर अंधारेपर्यंत आम्ही दोघी कान लावून बसायचो. खरं सांगते, ते घर मला नको वाटायचं.

आणि वर्ष उलटल्यावर एका संध्याकाळी रिंग आली. त्याचा फोटो. एक रिंग, कट.

अंजनाबाईने भात टाकला. मग किनाऱ्यावर गेली. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा भात करपला होता. "नाखवा, माझी चेष्टा करू नको," ती फोटोला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नंबर लावला तर लागला. पलीकडे पोरीचा आवाज.

"हा माझ्या नवऱ्याचा नंबर हाय," अंजनाबाई म्हणाली. "तो दर्यात गेलाय."

"मावशी, मी मनाली. मुलुंडला राहते. हे सिम मला कालच मिळालं. चालू केलं तर तुमच्या मिस्ड कॉलचे मेसेज. म्हणून लावला, मग घाबरून कापला. नंबर बदलून घेऊ का?"

"नको. कामावरून घरी पोचलीस की एक रिंग दे. मी उचलणार नाय."

"एवढंच?"

"एवढंच."

पोरगी भली, एकटीच राहणारी. रोज रिंग द्यायची. इकडे फोटो मात्र हरेश्वरचा. अंजनाबाई पुन्हा दोघांचा भात टाकू लागली, त्याचं ताट वाढू लागली. गजरा माळून बसायची. गेलेल्या माणसासाठी रडताना मी पुष्कळांना पाहिलंय. पण गेलेला माणूस रोज जेवायला येतो, हे काही मी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटायची.

कृणाल तिला न्यायला आला. "आई, बोरिवलीला चल. तिथे घरभर रेंज आहे."

"तुझा बाप येतो रोज. त्याला टाकून येऊ?"

तेवढ्यात रिंग आली. कृणालने माझ्यातून फोन काढला, तर स्क्रीनवर बापाचा चेहरा. मग तिने मनालीचं सांगितलं आणि त्याने रिचार्जचं. दोघं खूप रडली. "आई, तिचं नाव टाकू का यात?" त्याने विचारलं. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने नाव बदललं, बापाचा फोटो काढून टाकला.

दुसऱ्या संध्याकाळी मी थरथरले. अंजनाबाई स्टुलावर चढली. फोटो नाही. ती बघतच राहिली आणि कापला जायच्या आत तिने पहिल्यांदा फोन उचलला.

"कोण?"

"मावशी, मी मनाली. पोचले घरी."

अंजनाबाईचा हात माझ्या काठावर होता, तो घट्ट झाला. मग नाक ओढत म्हणाली, "पोचलीस ना? जेवायला काय करतेस?"

त्या दिवशी तिने एकटीचा भात टाकला. महिन्याभरात दिवस घातले. उद्या ती कृणालकडे जातेय. ती सुटली, मला बरं वाटतंय. तिकडे फोन कुठेही लागतो, तिथे टोपलीचं काय काम?

बाबांनो, कृणालला माझा एक निरोप द्या. मला या खिळ्यावरून काढू नको म्हणावं. मी अजून दिवेलागणीला थरथरते, पोटात फोन नसला तरी. वारा असेल. पण नाखवाला बोरिवलीचा पत्ता ठाऊक नाही. तो आलाच, तर घरात कोणीतरी असू दे.