माझ्यातल्या रिकाम्या जागा

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे आणि छिद्रे बुजवणाऱ्या माणसांचा मला अगदी वीट आला आहे. लाँड्रीच्या बॉयलरच्या धुराड्यात मी राहते आणि धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगते.

झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या भुकटीत यट्रिया नावाची दुसरी भुकटी थोडी मिसळून मला भाजले. त्यामुळे माझ्या अंगात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहिल्या. दोष नव्हे हो तो, मुद्दाम ठेवल्या आहेत! रांगेत एक खुर्ची रिकामी असली की शेजारचा तिथे सरकतो, त्याच्या जागी पुढचा. माझ्यातले ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तसेच सरकतात, पण मी चांगली तापल्यावरच. गार असताना ‘बंद पडली वाटतं’ म्हणणाऱ्यांपुढे मी काय बोलू?

माझ्या आत ताजी हवा असते, बाहेर धूर. हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून आयन धुराकडे ओढ घेतात. ओढ जितकी जास्त, तितका धुरात ऑक्सिजन कमी. ही ताजी हवा धुराड्याबाहेर राहिलेल्या माझ्या टोपीच्या बारीक छिद्रातून येते.

बॉयलर सांभाळणारे मामा मला रोज पुसायचे. “आमची ही कधी खोटं बोलत नाही,” असे सगळ्यांना सांगायचे. एके सकाळी त्यांना ते छिद्र दिसले. “धूळ जात असेल बिचारीच्या आत,” म्हणाले आणि सीलंटचा लेप लावून ते बुजवून मोकळे झाले. कपाळावर मारून घ्यायला मला हातही नाहीत!

नवी हवा येईना आणि आतला ऑक्सिजन संपत आला. मग आयन ओढ घेतील कशाला? ओढ कमी झाली, म्हणून मला जोडलेल्या मापकाचा काटा ‘धुरात ऑक्सिजन भरपूर’ असे दाखवू लागला. जास्तीच्या हवेबरोबर उष्णता वाया जाते, म्हणून माझ्यावर विसंबून मामांनी बर्नरची हवा कमी केली, मग आणखी कमी केली. ज्योत पिवळी पडली, काजळी धरली. मामांचे डोके दुखू लागले. एकदा खुर्चीतून उठताना त्यांचा तोल गेला. खोलीत विषारी वायू साठत होता आणि मी खोटे बोलत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नशीब, तेवढ्यात त्यांची भाची डबा घेऊन आली. ती उपकरणे दुरुस्त करते. तिने बर्नर बंद केला, खिडक्या उघडल्या, मामांना बाहेर बसवले. मी गार झाल्यावर मला काढून पाहिले.

“मामा, हे भोक कुणी बुजवलं?”

“मीच. धूळ जाऊ नये म्हणून.”

“अरे, तिचा श्वास बंद केलास की! आणि स्वतःचाही करून घेत होतास.”

मामांनी तिथेच बसून ते सीलंट खरवडून काढले.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या, पण आधी जाणत्याला विचारा. मामा आजही मला पुसतात. छिद्राशी आले की फडके थांबवतात आणि रोज न चुकता विचारतात, “येतेय ना गं हवा?”

येते हो, मामा. काटा बघा!