पहिली चक्कर

त्या सकाळची पहिली थप्पड दादानं मला मारली ती मास्तरीणबाईंच्या देखत. मी उघड्या बॉनेटमध्ये वाकलो होतो, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण माझ्या हातात होतं, आणि मी एवढंच म्हणालो होतो, "दादा, आज गाडी बाहेर काढायची नाही."

"कोण सांगणार? तू?" असं म्हणून लगेच कानाखाली. झाकण घरंगळत पार गटारापाशी गेलं.

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. वडिलांनी दादाला पट्ट्यानं फोडलं, दादानं मला हाताला लागेल त्यानं. माझ्या भुवईवरची खूण सोळा नंबरच्या पान्याची आहे. आता माझी पंचेचाळिशी उलटली, दोन पोरींचा बाप आहे, तरी दादाच्या लेखी मी बारक्याच. पण त्याचं काम सोन्यासारखं, हे मी मार खाऊनही सांगेन. वर्षानुवर्षं कुजलेल्या जुन्या गाड्या लोक टेम्पोत घालून आमच्याकडे आणतात. दादा टाकीचं झाकण उघडून नुसता वास घ्यायचा आणि आतलं पेट्रोल किती वर्षांचं शिळं आहे ते सांगायचा. गॅरेजातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावू द्यायचा नाही. "नाक काय शिंकायला दिलंय का?" म्हणायचा.

ही गाडी मास्तरीणबाईंच्या नवऱ्याची. ते गेल्यापासून एकोणीस वर्षं घरामागं उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. दादानं चार महिने राबून तिच्यात जीव आणला. पहिल्या चकरेचा आमच्याकडे वडिलांपासूनचा कायदा आहे: ज्यानं ब्रेक केले, त्यानंच चालवायची आणि एकट्यानं. चूक झाली असेल तर ज्याची त्यानं भोगावी. तीस वर्षं ब्रेकला दादानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. फक्त बाईंसाठी त्यानं कायदा मोडला आणि त्यांना शेजारी बसवतो म्हणून शब्द दिला. शाळेत त्याला न मारणारी ही एकच बाई होती.

आणि त्या सकाळी मी सहज झाकण उघडलं, तर ब्रेक ऑइलच्या डबीतून इंजिन ऑइलचा वास. दोन्ही ऑइलचे डबे फडताळात शेजारी शेजारीच असतात. इंजिन ऑइल ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगून मऊ पडतात. दारात पेडल घट्ट लागतं, उतारावर दोनदा दाबलं की पाय थेट तळाला जातो. आमच्या दारातून जो उतार लागतो तो थेट शाळेच्या फाटकापर्यंत, आणि मधल्या सुट्टीला दहाच मिनिटं राहिली होती.

"कुठला डबा ओतलास ते बघ तरी," मी म्हणालो.

"पेडल दगडासारखं लागतंय. मला शिकवू नकोस. बाजूला हो."

बाई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. "भांडू नका रे," म्हणाल्या.

मी किल्ली काढून खिशात टाकली. दादानं गाडी सुरू करायचं हँडल उचललं. चांगलं दीड हात लोखंड. पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. "किल्ली दे." तिसरा डोक्यावर येत होता, मी वाकलो आणि समोरच्या दिव्याची काच फुटली. ही काच मिळवायला त्यानं गावोगावची भंगाराची दुकानं पालथी घातली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग आणखी एक. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्याचा दात माझ्या बोटात रुतला, रक्त त्याचं की माझं कळेना. तो मडगार्डवर आपटला, तसं मी त्याला गचांडी धरून उठवलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीवर त्याचं तोंड दाबलं.

"घे वास. काय आहे?"

"ब्रेक ऑइल," तो गुरगुरला.

मी कोपऱ्यातलं पेट्रोलनं भिजलेलं फडकं ओढलं आणि त्याच्या नाकाला लावलं. "आणि हे?"

गाडीत बसलेल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. दादा मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहिला, उत्तर तिथं सापडतंय का ते शोधत.

"सोडा त्यांना, भावजी." वहिनी मागच्या दारात कधी आली कळलं नाही. "त्यांना वास येत नाही. पावसाळ्यात मोठा ताप आला होता ना, त्यात गेला तो गेलाच. परवा दूध करपून घरभर धूर झाला, हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते."

"मग मला बोलली का नाहीस?"

वहिनीनं डावा हात वर केला. दोन बोटांना पट्टी होती. दारात चेमटली, असं तिनं आम्हाला सांगितलं होतं. "बारक्याला बोललीस तर उरलेली मोडीन, म्हणाले."

माझ्या हातातली त्याची कॉलर सुटली. बाई सावकाश खाली उतरल्या आणि दादासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात पुढे कर."

साठीला टेकलेल्या माणसानं मुकाट्यानं तळहात पुढे केला. बाईंनी त्यावर रुमाल ठेवला. "तोंड पूस. माझं म्हातारीचं काय, मी गेले असते. पण खाली पोरं आहेत. आणि बायकोची बोटं मोडतोस?"

दादानं तोंड पुसलं नाही. रुमाल चेहऱ्यावर धरून तो बसकण मारून रडला. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, कारण माझा हात अजूनही शिवशिवत होता.

सगळं ऑइल काढून नवी रबरं बसवायला मला चार दिवस लागले. दादा स्टुलावर बसून असायचा. वहिनी त्याच्यासमोर चहाचा कप आदळून जायची. तिनं त्याच्या ओठांवरची सूज उतरायला औषध दिलं नाही, आणि त्यानं मागितलं नाही.

पाचव्या दिवशी ब्रेक माझे होते म्हणून चक्कर मी मारली. एकट्यानं. उताराला, शाळेच्या फाटकाअलीकडे, तीनदा पाय दाबला आणि तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. मग बाईंना बसवून दुसरी चक्कर मारली. बाई साऱ्या वाटेत दाराच्या मुठीवरून हात फिरवत होत्या.

परत येऊन मी चढावर, दारासमोर गाडी थांबवली. अशा वेळी मागच्या चाकाला वीट लावायचं काम आमच्याकडे सगळ्यात नव्या गड्याचं. मी त्याला हाक मारणार, तेवढ्यात आरशात दादा दिसला. एका हातात वीट, दुसरा हात गुडघ्यावर. तो खाली वाकला.

"दादा, राहू दे," मी म्हणालो.

"बडबड नको," तो चाकामागून म्हणाला. "ब्रेक सोड."

मी ब्रेक सोडला. गाडी बोटभर मागं सरकली आणि विटेवर टेकून उभी राहिली.