होळीवर चढलेलं लाकूड

होळीला लाकूड चोरण्यात बाज्याचा हात धरील असा माणूस अख्ख्या शहादा तालुक्यात नव्हता. हे कोण म्हणायचं? बाज्याच म्हणायचा, आणि गाव मान डोलवायचं. चाळिशी उलटलेली, पुढचा दात पडलेला, पाटलाकडे सालदार. वर्षभर बैलांच्या शेपट्या पिरगाळायच्या. पण होळी आली की पाटलाचा नरोत्तम स्वतः चालत ह्या भिलाच्या झोपडीशी यायचा आणि म्हणायचा, "चल गुरू." बाकी वर्षभर नुसतं, "ए बाज्या."

गावाचा नियम सोपा होता. होळीच्या दिवशी कुणाचंही लाकूड पळवा, पाप नाही, फिर्याद नाही. एकदा ते होळीवर चढलं की मालकाला परत मागता येत नाही. मालकाने यायचं, पोरांना पोटभर शिव्या द्यायच्या, नारळ टाकायचा आणि हसत घरी जायचं. त्या दिवशी पाटलाच्या पोराला आईवरून शिवी दिली तरी चालायचं. बाज्याला चोरीपेक्षा ह्याचीच गोडी जास्त.

एका साली वाणी आपला बाक जाईल म्हणून सकाळपासून बाकावरच ठाण मांडून बसला. बाज्या लांबूनच ओरडला, "शेठ, तुमनी गाय विहिरमा पडनी." शेठ धोतर सावरत पळाला. विहिरीत गाय नव्हती. परत आला तर दुकानापुढे बाक नव्हता. शेठने त्या संध्याकाळी दिलेल्या शिव्या बाज्याने पाठ करून ठेवल्या होत्या, आणि कधी मन उदास झालं की बैलांना म्हणून दाखवायचा.

असा हा चोर स्वतःचं एक लाकूड मात्र जिवापाड जपायचा. पाटलाचा जुना गोठा पाडला तेव्हा मागून घेतलेला सागाचा खांब. झोपडीमागे उभा करून ठेवला होता, वाळवी लागू नये म्हणून त्याला तेल चोळायचा. सोमीबाई, त्याची बायको, म्हणायची, "मन्हा डोकाले नही तेल, आन खांबले शे." पण खांब होता तिच्याच माहेरच्या वाटेचा. तिचा भाऊ करमसिंग अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात राहायचा. त्याने निरोप धाडला होता, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साल सुटलं की या, झाडोरा काढू, जमीन करू, घर बांधा. येताना खांब तेवढा आणा. डोंगरात साग चिक्कार, पण त्याला कुऱ्हाड लावली की जंगलखात्याचा गार्ड झाडामागूनच उगवायचा. म्हणून सपाटीवरचा साग डोंगरात न्यायचा. बाज्याला ह्या गोष्टीचं फार हसू यायचं.

आखाजीपर्यंत एवढंच सांभाळायचं होतं की आपलं नाव हजेरीत जाऊ नये. चुलतभाऊ आमशाचं गेलं होतं. तो रस्त्याने कोंबडी घेऊन चालला होता. कोंबडी त्याचीच होती. पण भिलाच्या काखेत कोंबडी, म्हणजे फौजदाराला पुढचं विचारायची गरजच वाटली नाही. आता आमशा रोज संध्याकाळी हजेरीला चावडीत पाटलासमोर बसायचा, आणि पाटलाच्या चिठ्ठीवाचून बाजारालाही जाता येत नव्हतं. मग डोंगर कुठला?

त्या साली होळीला नवा फौजदार गावात मुक्कामाला होता. आणि नरोत्तम पुण्याहून वकिलीची एक परीक्षा देऊन आला होता, अंगात नुसती मस्ती.

"गुरू, औंदा खोडा लयवाना."

चावडीत खोडा होता. दोन जाड ओंडके, मधे भोकं. संशयिताचे पाय त्यात अडकवून त्याला बसवून ठेवायचं. गावच्या भिलांमध्ये ज्याचा पाय त्यात गेला नाही असा बाज्या एकटाच.

"भाऊ, तो सरकारी शे."

"लाकूड शे ना? मंग?"

सोमीबाई आतून म्हणाली, "तू जाऊ नको. आखाजी जवळ ऊनी."

"वहिनी, मी शे ना सोबत," नरोत्तम म्हणाला. "काही व्हयनं तं मन्हं नाव सांगज्या."

पाटलाच्या पोराने वहिनी म्हटलं. सोमीबाई पुन्हा चुलीकडे वळली. आणि बाज्याच्या डोक्यात तोवर युक्ती फिरायला लागलीच होती, त्याला काय करणार.

भर दुपारी फौजदार पाटलाच्या ओसरीवर खापरावरची पुरणपोळी हाणत होता. चावडीमागे बाज्याने पऱ्हाट्यांची गाडी लावली. खोडा खाली, वर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा डोंगर. गाडी निघाली आणि चावडीपुढच्या नालीत चाक फसलं. पहाऱ्यावरचा शिपाई डुलक्या घेत होता.

"हवालदारसाहेब, जरासा हात लावा ना. होळीनं पुण्य शे," बाज्या म्हणाला. साध्या शिपायाला हवालदार म्हटलं की तो काहीही करतो. त्याने खांदा लावून गाडी नालीतून काढून दिली. नरोत्तम पऱ्हाट्यांमागे तोंडात उपरणं कोंबून हसत होता.

दिवस बुडता बुडता फौजदार ढेकर देत होळीवर आला. सगळ्यात वर त्याचा खोडा. भोकांतून ज्वाळा बाहेर यायला लागलेल्या.

"हे काय?"

"साहेब, होळीवर चढलेलं परत घेत नाहीत," नरोत्तम म्हणाला. "शिव्या द्या आणि नारळ टाका."

फौजदाराने नरोत्तमकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं, आणि तो हसला. एक बेताची शिवी दिली, नारळ टाकला. गाव पोट धरून हसलं. बाज्याने घरी जाऊन सोमीबाईला फौजदाराची शिवी हुबेहूब म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, पाटलाने बोलावणं पाठवलं. पाटील ओट्यावर दातण करत बसला होता.

"बाज्या, साहेबले वर कागद धाडना पडस. खोडा गया, तं कोनी तरी नेयल पाहिजे."

"भाऊनी आन मी, आबा."

"नरोत्तम उद्या वकील व्हई. त्यानं नाव कागदवर गयं तं त्यानं काय व्हई?"

"आन मन्हं?"

पाटील दातण चावता चावता थांबला. त्याला खरंच प्रश्न पडलेला दिसला.

"तुन्हं काय?"

पाटीलच पुढे म्हणाला, "दंड व्हई, मी भरसू. आखाजीले तू मोकळा. नही म्हनशी तरी नाव तुन्हंच जाई, ते तुले बी ठाऊक शे."

नरोत्तम फाटकाशी गुलालाने माखून उभा होता. म्हणाला, "गुरू, एवढं कर." होळी संपली होती, तरी गुरू. बाज्या हो म्हणाला.

शहाद्याच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने विचारलं, काही सांगायचं आहे का. बाज्याला वाटलं, ह्या साहेबाला नियम ठाऊक नसेल. त्याने हात जोडून सांगितलं, "साहेब, होळीवर चढेल लाकूड परत लेतस नही." कारकून हसले. मॅजिस्ट्रेटही हसला. मग त्याने दंड सोडून कैद लिहिली, आणि भिलाचा गुन्हा म्हणून पुढे हजेरीही. पाटलाच्या खिशातला दंड खिशातच राहिला. आखाजी धुळ्याच्या तुरुंगात गेली.

बाज्या सुटून आला तोवर ह्या गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या होत्या. पाटलाच्या ओसरीवर पाहुणे आले की फौजदार स्वतः सांगायचा, नरोत्तमरावांनी आमचा खोडा कसा लांबवला, आणि पाहुणे नरोत्तमच्या पाठीवर थाप मारायचे. कागदावरची गोष्ट तीच, गाडी तीच, पऱ्हाट्या त्याच. तिच्यात फक्त बाज्या होता.

चावडीत नवा खोडा आला. सुताराला भोकांचं माप हवं होतं. बाज्या हजेरीला बसलेलाच होता, सुताराने त्याच्याच घोट्याला दोरी गुंडाळून माप घेतलं. "जरा सैल धर, दादा," बाज्या म्हणाला, "सांजले पाय सुजतस." सुतार हसला. आमशा हसला नाही.

आता एकच आशा उरली होती. करमसिंगचा निरोप आला होता, जमीन अजून धरून ठेवली आहे, पुढच्या आखाजीपर्यंत बघतो, मग दुसऱ्याला देईन. आणि पाटील म्हणाला होता, आखाजीपर्यंत तुझ्या तोंडून वावगा शब्द ऐकला नाही, तर साहेबाला सांगून हजेरी उठवतो. बाज्या तेव्हापासून कुणाला उलटून बोलला नाही. वाण्यालाही नाही. बैलांनाही शेठच्या शिव्या ऐकू येईनात. रात्री मात्र खांबाला तेल चोळायचा.

पुन्हा होळी आली. झोपडीशी कुणी आलं नाही. दिवस कलला तेव्हा सोमीबाई गवताला गेलेली, बाज्या हजेरीसाठी चावडीच्या ओट्यावर आमशाशेजारी बसलेला. ओट्यावरून होळी समोरच दिसायची. पोरांनी पऱ्हाट्यांची गाडी आणली, गाडीपुढे नरोत्तम नाचत होता. पऱ्हाट्या उतरल्या आणि खालून सागाचा खांब निघाला. तेलाने चकचकत होता.

खांब चढला. होळी पेटली. नरोत्तमने चावडीकडे तोंड करून हाक मारली, "गुरू, तुन्हीच युक्ती. आते शिव्या दे."

अख्खं गाव वळून बघत उभं राहिलं. बाज्याच्या शिव्या ऐकायला मिळणार म्हणून लोकांची तोंडं आधीच हसरी. सोमीबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन गर्दीच्या मागे येऊन थांबली होती. तिने भारा खाली टाकला नाही.

बाज्याने तोंड उघडलं. साठलेल्या सगळ्या शिव्या तिथवर आल्या. त्याने पाटलाकडे पाहिलं. पाटील हजेरीचं बाड मांडीवर घेऊन त्याच्याकडेच बघत होता, जरा उत्सुकतेनेच.

"बरं जमनं, भाऊ," बाज्या म्हणाला.

लोकांची निराशा झाली. कुणी तरी म्हणालं, म्हातारा झाला.

खांबाचा खालचा भाग धुमसायला लागला होता. मालकाने नारळ टाकायचा असतो, निदान एक फेरी तरी मारायची असते. बाज्या अर्धा उठला.

"आबा, खाली उतरू का?"

"बस," पाटील म्हणाला. "हजेरी व्हवू दे पहिले."

बाज्या बसला. पाटलाने आमशाचं नाव घेतलं, मग सावकाश बाज्याचं. बाज्या म्हणाला, "हाजिर." तोवर खांब आतपर्यंत लाल झाला होता.