पाचव्या गाडीचं यंत्र

श्रीरामपुरात अब्दुलभाई शेखांच्या पाच मालवाहू गाड्या होत्या आणि त्या पाचांना मिळून एक पत्र्याचं ऑफिस होतं, बाजार समितीच्या मागच्या अंगाला. तिथं बसून त्यांची मुलगी इन्शा धंद्याचं सगळं बघायची. बी. कॉम. झाल्यावर तिला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. "चार महिने जरा बस," म्हणून वडिलांनी बसवली, ती बसलीच. अब्दुलभाईंचे चार महिने असेच लांबायचे.

दसऱ्याच्या तोंडावर नगरच्या एका कंपनीनं कळवलं की गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दिसल्याशिवाय यापुढं माल मिळणार नाही. जीपीएस बसवा, नाहीतर दुसरीकडं भाडं शोधा. अब्दुलभाईंनी दोन दिवस कंपनीचा उद्धार केला आणि मग इन्शाला म्हणाले, "बजेट काढ."

ड्रायव्हरांच्या कानावर हे गेलं तसे चौघं फुगून बसले. आम्ही काय चोर आहोत का, म्हणाले. पाचवा आसाराम. अब्दुलभाईंनी पहिली गाडी घेतली तेव्हापासूनचा हा माणूस. इन्शाला लहानपणी शाळेत सोडायला तोच जायचा, त्यामुळे तिचा तो काका. तो एका दुपारी ऑफिसात कोणी नाही असं बघून आला आणि दाराला टेकून उभा राहिला.

"पोरी, ते यंत्र माझ्या गाडीला पयलं लाव."

इन्शाला हसू आलं. "का काका? बाकीचे तर भांडायला उठलेत."

त्याला शुगर आहे हे तिला माहीत होतं. ती शुगर आता इन्सुलिनच्या इंजेक्शनवर गेली होती, हे त्यानं आत्ता सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अलीकडं त्याची साखर एकदम उतरली. डोळ्यांपुढं अंधारी आली, कशीबशी गाडी कडेला घेतली. पाणी मागायला थांबलेल्या एका टँकरवाल्यानं गूळ चारला म्हणून तो शुद्धीवर आला.

"कडंला गाडी उभी दिसली का लोकांना वाटतं, डायवर झोपलाय. कोन बघत न्हाई," आसाराम म्हणाला. "यंत्र आसलं तर तुला तरी दिसंल, काकाची गाडी लई येळ झाला हाललेली न्हाई."

"अब्बांना सांगू का?"

"नको, नको. शेठ मला गाडीवरनं उतरवत्याल. निकिताचं लगीन तेवढं हुं दे. मला शब्द दे."

निकिता त्याची मुलगी. इन्शानं शब्द दिला. तो द्यायला नको होता. पण लहानपणी ज्याचं बोट धरलं त्या माणसाला नाही म्हणणं तिच्या जिभेवर आलं नाही, आणि तिला वाटलं, यंत्र बसवलं की झालं.

तिनं बजेट अगदी काटेकोर काढलं. पाच साधी यंत्रं, बसवणावळ आणि वर्षाचं सिमचं रिचार्ज. अब्दुलभाई जेवढे देणार म्हणाले होते तेवढ्यात सगळं बसलं. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"यात डिझेलचं कळतं का?" अब्दुलभाईंनी विचारलं.

"नाही. गाडी कुठं आहे आणि किती वेळ थांबली, एवढंच."

"मग काय उपयोग? सुनीलच्या गाडीचं डिझेल कुठं जिरतं, ते मला बघायचंय."

डिझेलच्या टाकीत सेन्सर असलेलं यंत्र महाग होतं. तेवढ्याच पैशांत चारच आली असती.

"आणि पाचवी गाडी?" इन्शानं विचारलं. उत्तर तिला आधीच कळलं होतं.

"ती आसारामची. कांदा भरतो तो, कंपनीचा माल नाही. त्याला कशाला?"

"अब्बा, आपण साधीच पाच घेऊ. माझं ऐका."

"आसारामवर पाळत ठेवू? बेटा, उद्या कुठल्या तोंडानं त्याच्यापुढं उभा राहू?"

ती पुष्कळ भांडली. कारण सांगता येत नसलं की भांडण लंगडं पडतं, तसं तिचं पडलं. आसारामनं सांगितलेलं सगळं तिच्या ओठांवर येऊन परत गेलं. चार यंत्रांची ऑर्डर तिनंच दिली.

दसऱ्याला ड्रायव्हर गाड्या धुऊन पूजा करायचे आणि अब्दुलभाई स्वतः बाजारातून झेंडूचे हार आणायचे. नारळ फोडायचा मान आसारामचा. यंदा नारळ फुटल्यावर अब्दुलभाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांपुढं म्हणाले, "चार गाड्यांना यंत्र लागेल. आसारामच्या गाडीला लागणार नाही. या माणसावर नजर ठेवायची मला गरज नाही."

फुगून बसलेल्या चौघांनीही टाळ्या वाजवल्या. सुनीलनं तर उरलेला हार आसारामच्या गळ्यात घातला आणि मोबाईलवर फोटो काढला. आसारामचे डोळे भरून आले. 

पेढे वाटून झाल्यावर इन्शानं त्याला गाडीआड गाठलं. "काका, मी आत्ता अब्बांना सांगते."

"नको पोरी." त्यानं गळ्यातला हार अजून काढला नव्हता. "चार लोकांत शेठनं मान दिला. आता कोन्त्या तोंडानं म्हनू, मला यंत्र लावा? घरी बायकोला, सुरेखाला फोन केला तर ती रडायला लागली. म्हनली, जल्माचं सार्थक झालं तुमच्या."

"आणि शुगर?"

"खिशात गूळ हाय."

"साखर कारखाने सुरू झाले की भाडी वाढतील, तेव्हा मी पाचवं घेते. अब्बांना विचारणारसुद्धा नाही."

"घे," तो हसून म्हणाला. दोघांनाही ते खरंच वाटलं.

कारखाने सुरू झाले. एका गाडीचे टायर गेले, एकीचा विमा भरायचा आला आणि यंत्र मागं पडत गेलं. आसाराम सुरुवातीला प्रत्येक थांब्यावरून तिला फोन करायचा. मग एक दिवसाआड करू लागला, मग राहिलं. तिनंही विचारायचं सोडलं.

हैदराबादला कांदा घेऊन तो पहाटे निघाला, त्या दुपारी इन्शाला सहज आठवण झाली. तिनं फोन लावला, त्यानं उचलला नाही.

"गाडी चालवताना तो फोन घेत नाही, माहीत आहे ना?" अब्दुलभाई म्हणाले. संध्याकाळी म्हणाले, "जेवून पडला असेल. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

मोबाईलवर चार गाड्या दिसत होत्या. एक राहुरीत, एक नगरला कंपनीच्या दारात, दोन रस्त्यात. त्या चार ठिपक्यांचा तिला इतका राग आला की तिनं मोबाईल पालथा घातला.

तो सापडला दुसऱ्या दिवशी, करमाळ्याच्या पुढं. गाडी रस्त्याच्या कडेला नीट घेतलेली, हँडब्रेक ओढलेला. जवळच्या टायरवाल्यानं सांगितलं, काल दुपारपासून उभी होती, मला वाटलं ड्रायव्हर झोपलाय.

सरकारी दवाखान्यात अब्दुलभाई सुरेखाजवळ बाकावर बसले आणि इन्शा आत गेली. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट इन्सुलिन घेत होता का? ती हो म्हणाली. "साखर उतरलेली दिसते," ते म्हणाले. "काल संध्याकाळपर्यंत कोणी आणला असता, तर बहुधा वाचला असता." हे ती उभ्यानं ऐकत राहिली. बाहेर आली तेव्हा दोघंही तिच्याकडं बघत होते.

"झोपेतच गेले," ती म्हणाली. "काही त्रास झाला नाही."

सुरेखानं पदरात तोंड घालून हंबरडा फोडला. अब्दुलभाई तिच्या शेजारी लहान मुलासारखे रडले.

दहाव्यासाठी गावात फ्लेक्स लावायचा होता. फोटो दसऱ्याचाच घेतला, गळ्यात हार असलेला. मजकूर अब्दुलभाई सांगत होते आणि इन्शा मोबाईलवर लिहीत होती.

"लिही. ज्याच्या गाडीला यंत्र लावायची कधी गरज पडली नाही, असा आमचा भाऊ."

इन्शाचं बोट थांबलं.

"माझ्या हातून त्याच्यासाठी तेवढी एक गोष्ट चांगली झाली, बेटा," ते रुमालानं डोळे टिपत म्हणाले. "शेवटपर्यंत त्याच्यावर शंका घेतली नाही. झाली ना चांगली?"

त्या आठ दिवसांत ते दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले होते. खरं सांगितलं असतं तर त्या खुर्चीतून ते पुन्हा उठले नसते, आणि न सांगता आयुष्य कसं काढायचं, ते तिला कळत नव्हतं.

"हो अब्बा," ती म्हणाली आणि ओळ लिहिली.

तासाभरानं फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "ताई, मजकूर बसत नाहीये. ती यंत्राची ओळ काढून टाकू का? कुणाला कळणार पण नाही."

ऑफिसात अब्दुलभाई समोरच बसले होते. इन्शाला वाटलं, हो म्हणावं, काढा म्हणावं, फाडून टाका म्हणावं.

"नको," ती म्हणाली. "फोटो लहान करा. ती ओळ राहू द्या."