डाव्या खांद्याखालचा डाग

"आधी खूण सांगा, मग माणूस न्या," पाद्रीबाबा पुन्हा म्हणाले. त्यांच्यामागे नॉर्मन पहारेकरी भाल्यावर रेलून जांभया देत होता. त्याला आपली सॅक्सनांची भाषा कळत नव्हती, म्हणून पाद्रीबाबा मध्ये.

टेकडीच्या उतारावर चार दिवसांपूर्वीच्या लढाईत पडलेल्यांच्या रांगा होत्या. अंगावरचे कपडेसुद्धा जिंकणाऱ्यांनी ओरबाडून नेले होते आणि चेहरे घोड्यांनी तुडवलेले. नॉर्मनांनी पळाल्याचं सोंग केलं, आणि आपले शहाणे ढालींची भिंत मोडून त्यांच्या मागे धावले! त्यांत गोल्डाचा ओस्गर होता, गावाने आपल्यातर्फे पाठवलेला एकुलता एक माणूस.

खूण घरच्याच माणसाने सांगायची. न ओळखलेले संध्याकाळी कावळ्यांना सोडायचे. गोल्डा त्याची सतरा वर्षांच्या लग्नाची बायको, आणि तिला खूण ठाऊक नव्हती. ओस्गर अंघोळीला पुरुषांबरोबर नदीवर जायचा, झोपायचा सदरा घालून. दिवा विझवायची घाई तर तिचीच असायची.

चार पावलांवर टेट उभी होती. गावात बिअर गाळणारी, नवरा कधीच वारलेला. कुणी बोलावलं नव्हतं तरी दोन दिवस मागेमागे चालत आली होती. हिला ती खूण माहीत असेल का, हाच किडा गोल्डाचं डोकं वाटभर पोखरत होता. ओस्गरच्या मरणापेक्षा तोच जास्त, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. माहीत नसेल तर दोघांबद्दलची गावातली कुजबुज खोटी. माहीत असेल तर आपलं सगळं घरच खोटं.

सूर्य कलला. गोल्डा टेटजवळ गेली.

"सांग."

"काय सांगू?"

"भोळेपणा पुरे झाला, भवाने! अंगावर काय आहे त्याच्या?"

टेटने जवळ कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "पाठीवर. डाव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग आहे. बिअरसाठी उकळत ठेवलेला जवाचा काढा सांडला होता."

"कधी?"

"कशाला विचारतेस, गोल्डा?"

"कधी, म्हणते मी!"

"तुझी धाकटी झाली त्या वसंतात."

धाकटी आता अकरा वर्षांची होती. गोल्डाला वाटलं, हिच्या झिंज्या धरून हिला इथेच आपटावं. हात उचललाही तिने. टेट मागे सरली नाही.

"मला देणार नाहीत ते," टेट म्हणाली. "तू तरी ने त्याला."

गोल्डा पाद्रीबाबांकडे परतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डाव्या खांद्याखाली, पाठीवर भाजलंय."

"कशाने?"

"जवाच्या काढ्याने. माझ्याच चुलीवर. माझाच हात हलला. महिनाभर मीच लोणी लावत होते."

मागे टेटने डोईच्या फडक्याचा बोळा तोंडात कोंबला.

पहारेकऱ्याने रांगेतले चार देह पालथे केले. पाचव्याच्या पाठीवर तो डाग होता, तळहाताएवढा, कडेला सुरकुतलेला. गोल्डा गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा.