तिघींत न वाटलेला लाख

कार्तिकाचं कोवळं, केशरकांती ऊन कृष्णेच्या पाण्यावरून उठलं, घाट चढलं, चिंचेच्या पानापानांतून गळत आईच्या, द्वारकाबाईंच्या, ओसरीवर आलं. तिथं कापूस होता. शुभ्र, शांत, शरदातल्या ढगासारखा. आणि कापसापलीकडं, खाटेवर, भिंतीकडं तोंड करून आई होती.

गेल्या कार्तिकात तिनं संकल्प सोडला होता. लाख वाती, स्वहस्ते! चातुर्मासात वळायच्या होत्या, पण आषाढात, पहिली वात वळण्याआधीच, उजवं अंग लुळं पडलं. लेकी म्हणाल्या, आम्ही वळतो. तेव्हा ती एकदाच बोलली, "संकल्प माझा आणि हात तुमचे? देवाला कसलं तोंड दाखवू मी?" त्यानंतर तिनं बोलणंच टाकलं.

तीन लेकी, तीन सासरं. भांडणं नकोत म्हणून थोरल्या यमूनं बोटांवर मोजून वाटणी केली: प्रत्येकीनं तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस. चार महिने तीन घरांत राख लावलेली बोटं फिरली, वाती वळल्या, जुड्या बांधल्या. उद्या वैकुंठ चतुर्दशी, वाती लावायचा दिवस, म्हणून आज तिघी माहेरी आल्या.

बेरीज झाली. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव.

"शके, तुझीच एक कमी," यमू म्हणाली.

"वा गं वा! आधी स्वतःच्या मोज," मधली फणकारली.

धाकटी मंजू फरशीवर खडूनं आकडे मांडत होती. ती खुदकन हसली. "अगं, कुणाचीच कमी नाही. लाखच तसला आहे!"

खरंच, काय विलक्षण आकडा हा! पाच शून्यांचा, पुष्ट, प्रतिष्ठित. दोघांत वाटा, चौघांत वाटा, पाचांत, आठांत, बत्तिसांत वाटा. मुकाट वाटला जातो. तिघांत वाटायला जा, की बसलाच अडून. मंजू खडूनं मांडून दाखवत गेली: दहातले नऊ वाटले, उरला एक. शंभरातले नव्व्याण्णव वाटले, उरला एक. हजारातले नऊशे नव्व्याण्णव वाटले, उरला एक. शून्यं वाढवा हवी तितकी. नवांच्या रांगा तिघांत सुखानं वाटल्या जातात, आणि मागं तो एक उभा तो उभाच.

"कोटीलाही?"

तिघी दचकल्या. आईनं मान वळवली होती.

"कोटीलाही, आई. एकच उरतो," मंजू म्हणाली.

"आणि अब्जाला?"

"अब्जालाही!"

आई विचारात पडली. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत काही हललं. "म्हणजे तुम्ही तिघी झालात तिथंच घोटाळा. चौथी झाली असती तर लाख पुरता वाटला असता." तिघी खळखळून हसल्या, आणि हसता हसता यमूला रडू फुटलं.

शकूनं कापूस ओढला. "मी वळते उरलेली."

"खबरदार!" आई म्हणाली. "ती माझी."

डावा हात. अनभ्यस्त, हट्टी हात. पीळ दिला, उलगडला. पुन्हा दिला, पुन्हा उलगडला. यमू पुढं सरली. आईनं तिला नजरेनंच मागं बसवलं. ओसरीवरचं ऊन भिंतीवर चढलं, कौलांवर गेलं, तेव्हा कुठं एक वात झाली. अंगठ्याएवढी जाड, वाकडी.

दुसऱ्या दिवशी सांजेला अंगणात, तुळशीपुढं, तुपात भिजलेल्या वाती पेटल्या. सुवर्णज्वाळा उठली, भडभडली, निवली. मग अंगणावर काळोख आला, कृष्णेवर काळोख आला. शेजारच्या पणतीत ती जाड, वाकडी वात एकटीच जळत राहिली. आई तिच्याकडं बघत राहिली, आणि कुणीही तिला आत चल म्हणालं नाही.